भिंत कशी बांधायची ते साहेबांनी सांगावं, दार कुठं काढायचं ते आम्ही ठरवू

परवा लग्नात भाच्यानं विषय काढला. इंजिनिअर आहे, पुण्यात असतो. "मामा, सरपंच-नगरसेवक पाहिजेतच कशाला? शिकलेले अधिकारी नेमा, कारभार सरळ होईल." मांडवात बऱ्याच जणांनी माना डोलावल्या. तिथं नीट बोलता आलं नाही, म्हणून इथं लिहितोय.

मी औसा तालुक्यातला. किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा 13 वर्षांचा होतो. 30 सप्टेंबर 1993, गणपती विसर्जनाची रात्र, पहाटेचे चार वाजत आलेले. आत्याचं घर त्याच पट्ट्यात. दगड-मातीच्या रुंद भिंती, वर लाकडं आणि त्यावर पांढऱ्या मातीचं माळवद. उन्हाळ्यात घर गार राहायचं, म्हणून माती वरचेवर वाढत जायची. तेच ओझं माणसांच्या अंगावर आलं. भिंतीला आरपार जोडदगड पाहिजेत, छपराचं वजन कमी पाहिजे, हे सांगायला तज्ज्ञच लागले. तिथं हात वर करून काही ठरलं नसतं.

पण पुढं 52 गावं उठवून नव्या जागी वसवली. सरळ रस्ते, चौकोनी प्लॉट, भूमिहीन-अल्पभूधारकाला 250 चौरस फुटांचं घर. आत्याला पक्कं घर मिळालं. बैल कुठं बांधायचे? कडबा कुठं रचायचा? जुन्या गल्लीत ओसरीवर चार बाया बसून धान्य निवडायच्या. इथं दार उघडलं की नुसता रुंद रस्ता. आत्याच्या यजमानांनी वर्षभरात पत्रे टाकून गोठा केला, आत्यानं दारात ओटा घातला. नकाशा काढताना तिला एकदा विचारलं असतं, तर या दोन्ही गोष्टी आधीच झाल्या असत्या.

आणि अधिकाऱ्यांचा कारभार आपण बघितलाय की! छत्रपती संभाजीनगर महापालिकेवर एप्रिल 2020 पासून प्रशासक होता, 2022 पासून बऱ्याच जिल्हा परिषदांवरही तेच. कामं झाली नाहीत असं मी म्हणत नाही. पण गल्लीत पाणी आलं नाही तर जायचं कुणाकडं? नगरसेवक कसाही असो, सकाळी त्याच्या दारात बाया घागरी घेऊन उभ्या राहतात. साहेबाची बदली होते. आपली गल्ली कुठं जाते?

आमचंही चुकलं, तेही सांगतो. जमिनीखालचं पाणी खोल चाललंय हे भूजलवाले सांगत होते, तरी आम्ही ऊस लावला, बोअरवर बोअर पाडले. एप्रिल 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. अडाण्याला कळत नाही, हा त्याचा अर्थ नाही. 1928 साली बाबासाहेबांनी सायमन कमिशनपुढं सगळ्या प्रौढांना मत मागितलं, तेव्हाही हाच आक्षेप होता. माझ्या मते आम्हाला माहिती मिळाली ती तुटक, उशिरा, आणि सरकारी भाषेत. विहिरीच्या काठावर उभं राहून, दोरी सोडून, "गेल्या साली इथवर होतं, आज इथं आहे" असं कुणी दाखवलं असतं तर बरेच जण थांबले असते. मी तरी थांबलो असतो.

येत्या ग्रामसभेत नव्या बोअरचा ठराव आहे. भूजलवाल्या साहेबांना बोलवा, विहिरींची मापं आधी फळ्यावर लिहा, असं मी ग्रामसेवकांना लेखी दिलंय. भाच्यालाही ये म्हणालोय. साहेब सांगतील ते सगळं ऐकून घेऊ, आणि मग हात आपणच वर करू.