ठकीचा आखाड

आखाडातली गोष्ट आहे, म्हणून आधीच सांगून टाकतो: यातली कोंबडी शेवटपर्यंत जिवंत राहते. आमच्या कोल्हापुरात हे अजून कुणाला पटलेलं नाही.

आमच्या परसात नऊ कोंबड्या आणि एक कोंबडा. आठ गावठी, एक गिरिराज. गिरिराज ही जात बेंगळुरूच्या कृषी विद्यापीठातली, म्हणजे शिकल्यासवरल्या घरातली. अंगानं गावठीच्या दीडपट. तिला आम्ही सरपंचबाई म्हणतो. ठकी अगदी तळाची. सगळ्यांचं झाल्यावर उरलं तर खाणार, नाही उरलं तर तुम्हीच खाल्लंय अशा नजरेनं तुमच्याकडं बघणार.

पाच दिवस झड लागली होती. चार बाय तीनचं खुराडं आणि आत दहा जीव. मी साखर कारखान्यात तीस वर्षं टाइमकीपर होतो. रिकामी माणसं एका शेडात कोंडली की तिसऱ्या दिवशी काय होतं हे मला ठाऊक असायला हवं होतं. सहाव्या दिवशी दार उघडलं तर ठकी कोपऱ्यात तोंड खुपसून बसलेली. मानेमागची पिसं गेलेली, शेपटीच्या मुळाशी कातडं सोललेलं. आणि सरपंचबाई अजूनही सवडीनं एकेक टोच मारत होती, जेवणानंतर बडीशेप खावी तशी. कोंबडा एका पायावर उभा राहून भिंतीकडं बघत होता. घरातल्या बायकांची भांडणं चालू असताना मीही तसाच उभा राहतो, म्हणून त्याला काही बोललो नाही.

ठकीला टॉवेलात गुंडाळून बाथरूममध्ये आणलं. "हितं?" आमची ही म्हणाली. "आणि माणसांनी आंघोळ कुठं करायची?"

"पाऊस चालूच आहे की," मी म्हणालो. हे बोलायला नको होतं.

मिठाच्या कोमट पाण्यानं जखम धुतली. ठकीचं अंग हाताला भाजत होतं. थर्मामीटर कुठं लावला ते विचारू नका, पण पारा एकशेसहावर. मी हातपाय गाळले आणि पिशवीत घालून तिला जनावरांच्या डॉक्टरांकडं नेलं. पुढं एक म्हैस, मागं एक बोकड, मध्ये मी. डॉक्टरांनी पिशवीत डोकावून विचारलं, "कोंबडी? एवढ्यासाठी आलाय?" मी एकशेसहाचं सांगितल्यावर मात्र त्यांना रंगत आली. कोंबडीचं अंग बारा महिने असंच असतं म्हणाले, एक्केचाळीस अंश सेल्सियसच्या वर. "तुम्हाला एवढा ताप आला तर तुम्ही बरळाल. ती नुसती बसली आहे."

त्यांनी एक जांभळं औषध दिलं. ते जंतू मारतंच, वर रक्ताचा रंग झाकतं, आणि हेच महत्त्वाचं. तांबडं दिसलं की कोंबड्या टोचत सुटतात. काही पोल्ट्र्यांत यासाठीच तांबडे दिवे लावतात, म्हणजे रक्त उठून दिसत नाही. तांबडा दिसला की राहवत नाही, यात कोंबड्या आणि कोल्हापूरकर सारखेच.

ते औषध मात्र एकदा लागलं की लागलं. पहिल्या दिवशी टॉवेल गेला, दुसऱ्या दिवशी बाथरूमची फरशी, तिसऱ्या दिवशी माझी दहाही बोटं. दूधवाल्यानं विचारलं, "काका, कुठं पोटनिवडणूक होती?" मग बोटं मोजून म्हणाला, "दहा मतं टाकलीसा?"

पावसाळ्यात खरी भीती माशांची. जखमेवर बसल्या की दोन दिवसांत अळ्या. म्हणून नातवाची छत्रीसारखी उघडणारी मच्छरदाणी ठकीवर घातली. आत ठकी, बाजूला पाण्याची वाटी, वर मच्छरदाणीवरची निळी अस्वलं. बाळंतिणीचा थाट. तीन दिवस ती चोच उघडेना. ड्रॉपरनं चोचीच्या कडेला गुळाच्या पाण्याचा थेंब सोडायचा, मग ती मान वर करून गिळायची आणि माझ्या सदऱ्याला चोच पुसायची. मी जुनं मस्टर काढलं. सकाळी सात: थेंब अकरा. दुपारी एक: थेंब नऊ, शीट एक, हिरवी. चौथ्या दिवशी दही-भाताची चार शितं. ती नोंद मी अधोरेखित केली आहे.

या काळात पुतण्यानं मोबाईलवर शोधून सांगितलं की कोंबड्यांची ही टोचायची उतरंड पहिल्यांदा नॉर्वेच्या एका माणसानं कागदावर मांडली, १९२०च्या दशकात. थोर्लाइफ शेल्डरुप-एब्ब. लहानपणापासून म्हणे कोंबड्यांकडं बघत बसायचा, आणि पुढं त्यावर डॉक्टर झाला. मी लहानपणी बघत बसलो तर वडील पायताण काढायचे.

शेजारचे तात्या रोज संध्याकाळी कुंपणावरून चौकशी करायचे. एवढी आस्था त्यांनी माझ्या हर्नियाच्या वेळी दाखवली नव्हती.

"कशी हाय?"

"खातीय थोडं."

"खाऊ द्या, खाऊ द्या. वजन किती भरंल?"

गल्लोगल्लीच्या त्र्यंबोली देवीच्या यात्रा निघत होत्या. पंचगंगेचं नवं पाणी डोक्यावर घेऊन पोरी चाललेल्या, मागं पी-ढबाक. तो आवाज जवळ आला की ठकी मच्छरदाणीत अंग चोरायची. तिच्या आधीच्या पिढ्यांचं यात्रेला काय झालं हे तिला कुणी सांगितलं होतं कोण जाणे. मेव्हणा तर सांगलीहून न बोलावता आला. "दाजी, बरी होणार नसंल तर हाल कशाला?" म्हणाला आणि स्वतःच कांदे कुठं आहेत ते बघून आला.

गटारीच्या रात्री तात्यांनी डबा पाठवला. पांढरा रस्सा, तांबडा रस्सा, सुकं. दोन आठवडे मी कोंबडीची शुश्रूषा केलेली, मस्टरवर सह्या आहेत. म्हणून फक्त वास घेतला. मग नुसता पांढरा चाखला. मग दुसरी वाटी घेतली. तिसरीला बाथरूममधून "क्वाक" ऐकू आलं. मी उठून टीव्हीचा आवाज वाढवला. आमच्या हिनं माझ्याकडं बघितलं. वाढायला थांबली मात्र नाही.

श्रावण लागला आणि तात्यांची आस्था एका दिवसात आटली. जखमेवर खपली धरली, सुयांसारखी नवी पिसं फुटली. आता तिला परत पाठवायचं. इतके दिवस दिसली नाही की बाकीच्यांना ती परकी वाटते, तेव्हा आधी आठवडाभर जाळीच्या पिंजऱ्यात खुराड्याशेजारीच ठेवली. मग एका रात्री हळूच आतल्या दांडीवर बसवली. अंधारात कोंबड्यांना धड दिसत नाही. सकाळी डोळे उघडले की ही शेजारीच. मी बॅटरी विझवून दाराशी पाट टाकून बसलो. आमची ही खिडकीतून म्हणाली, "आत जाऊन झोपा की त्यांच्यात."

सकाळी दार उघडलं. मोजल्या, नऊ. मस्टरवर ठकीपुढं "हजर" लिहिलं. ती बाहेर आली, मान वर केली आणि आयुष्यात पहिल्यांदा सगळ्यांच्या आधी दाण्यांवर गेली. सगळ्यात शेवटी सरपंचबाई आली. डावा पाय उचलून, लंगडत.

मी वाकून बघायला लागलो तेवढ्यात पाठीमागून आवाज आला.

"बाथरूम कालच घासलंय मी. सांगून ठेवते."