‘साठीनंतर व्यायाम नको’ म्हणणाऱ्या संदेशाला उत्तर

ज्येष्ठ नागरिकांच्या हितासाठी म्हणून एक संदेश बरेच दिवस मोबाइलवरून फिरतो आहे. त्याचा सारांश असा: हृदयाचे ठोके जन्मतःच मोजून मिळालेले असतात आणि व्यायामाने ते लवकर संपतात, म्हणून साठीनंतर आराम करावा; चालण्याने गुडघे झिजतात; या वयात स्नायू वाढत नसल्याने वजन उचलणे व्यर्थ आणि धोक्याचे असते; रक्तदाब किंवा मधुमेह असल्यास श्रम टाळावेत; आणि चालायचेच असेल तर रोज १०,००० पावले चालावीत, त्याहून कमी चालण्याचा उपयोग नाही. हा संदेश वाचून माझ्या आईने संध्याकाळचे फिरणे बंद केले, त्यामुळे त्याकडे दुर्लक्ष करणे मला शक्य नाही.

ठोके मोजून मिळतात, असे क्षणभर मानले तरी हिशेब उलटाच निघतो. बसलेले असताना मिनिटाला ७५ ठोके पडणाऱ्या व्यक्तीचे हृदय अर्धा तास चालताना ११० च्या गतीने धडधडले, तर जास्तीचे ठोके होतात १,०५०. मात्र नियमित व्यायामाने हृदय एका ठोक्यात अधिक रक्त पुढे ढकलू लागते आणि विश्रांतीच्या वेळची गती खाली येते. ती मिनिटाला पाचने जरी उतरली, तरी उरलेल्या साडेतेवीस तासांत ७,०५० ठोके वाचतात. लंडनच्या दुमजली बसमध्ये दिवसभर बसून असणाऱ्या चालकांपेक्षा जिने चढणाऱ्या-उतरणाऱ्या वाहकांमध्ये हृदयविकार कमी आढळतो, हे ब्रिटिश संशोधक जेरी मॉरिस यांनी १९५३ मध्येच दाखवून दिले होते.

आरामाचे काय होते, हेही तपासले गेले आहे. १९६६ मध्ये अमेरिकेतील डॅलस येथे विशीतल्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर पडून राहण्यास सांगण्यात आले. तीस वर्षांनी त्याच पाच जणांची पुन्हा तपासणी झाली, तेव्हा तीस वर्षांच्या वाढत्या वयाने त्यांच्या दमाची जेवढी हानी केली होती, त्याहून अधिक हानी त्या तीन आठवड्यांनी केली होती, असे दिसून आले. नंतर सहा महिन्यांच्या बेताबेताने वाढवलेल्या व्यायामाने त्यांनी तीस वर्षांत गमावलेला दम परत मिळवला. विशीतल्या शरीराची तीन आठवड्यांत ही अवस्था होत असेल, तर सत्तरीतल्या व्यक्तीला ‘तुम्ही आता फक्त बसा’ असे सांगणे ही काळजी नव्हे, तिचे नुकसान आहे.

गुडघ्यांविषयीची भीती मला समजते, कारण दुखणारा गुडघा हलवू नये असेच कोणालाही वाटते. परंतु सांध्यातील कूर्चेला, म्हणजे हाडांच्या टोकांवरील गुळगुळीत आवरणाला, रक्तवाहिन्या नसतात. तिचे पोषण सांध्यातील द्रवातून होते आणि तो द्रव कूर्चेत खेळता राहतो तो हालचालीमुळेच. गुडघ्याच्या संधिवातात मांडीचे स्नायू बळकट करणे हा उपचाराचा पहिला भाग मानला जातो. व्यायामानंतर थोडे दुखले आणि दुसऱ्या दिवसापर्यंत शमले, तर चिंता नको. गुडघा सुजला किंवा दुखणे वाढतच गेले, तर प्रमाण कमी करावे आणि फिजिओथेरपिस्टला दाखवावे.

संदेशातील सर्वांत घातक विधान स्नायूंबद्दलचे आहे. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वृद्धाश्रमातील नव्वदीच्या आसपासच्या दहा अशक्त व्यक्तींकडून देखरेखीखाली आठ आठवडे पायांचे वजनाचे व्यायाम करून घेण्यात आले. त्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली, म्हणजे मूळच्या जवळजवळ पावणेतीनपट झाली, आणि मांडीच्या स्नायूंचा आकारही वाढला. तेव्हा ‘या वयात स्नायू वाढत नाहीत’ हे साफ चुकीचे आहे.

मात्र एवढे वाचून कोणी थेट जड डंबेल उचलू नयेत. सुरुवात खुर्चीपासून करावी. भिंतीला टेकवलेली, न घसरणारी, पक्की खुर्ची घ्यावी. पुढच्या कडेशी सरकून बसावे, पावले गुडघ्यांच्या किंचित मागे घ्यावीत, नाक पायांच्या बोटांवर येईल इतके पुढे झुकावे आणि श्वास सोडत उठावे. खरा व्यायाम बसताना होतो: धपकन न बसता मनात तीन अंक मोजत खाली यावे. हातांचा आधार लागला तर खुशाल घ्यावा. प्रथम पाच वेळा पुरे. ते सोपे झाले की आठ, मग दहा, आणि त्यानंतर एक दिवस हात छातीशी धरून. श्वास रोखून जोर लावू नये, कारण त्याने रक्तदाब एकदम चढतो. हाडे ठिसूळ झाली असल्यास कमरेतून खोल वाकणे आणि वाकून पिळणे टाळावे.

रक्तदाब आणि मधुमेह ही व्यायाम टाळण्याची नव्हे, तो विचारपूर्वक करण्याची कारणे आहेत, कारण नियमित व्यायामाने दोन्ही आटोक्यात राहण्यास मदत होते. काही पथ्ये मात्र पाळलीच पाहिजेत. इन्सुलिन किंवा साखर झपाट्याने उतरवणारी गोळी घेणाऱ्यांनी व्यायामाची वेळ डॉक्टरांशी बोलून ठरवावी आणि साखरेचे काहीतरी जवळ ठेवावे. रक्तदाबाच्या काही गोळ्या नाडीची गती दाबून ठेवतात, त्यामुळे नाडी मोजण्यापेक्षा बोलण्याची कसोटी बरी: चालताना बोलता यावे, पण गाता येऊ नये. छातीवर दाब, चक्कर, अनियमित धडधड किंवा नेहमीपेक्षा वेगळा दम जाणवल्यास तत्काळ थांबावे. छातीतील दाब थांबूनही गेला नाही तर तातडीने वैद्यकीय मदत घ्यावी. हृदयविकार असणाऱ्यांनी किंवा नुकतीच शस्त्रक्रिया झालेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरुवातच करू नये.

१०,००० पावलांचा आकडा वैद्यकशास्त्रातून नव्हे, तर १९६५ च्या सुमारास जपानमध्ये विकल्या गेलेल्या पावले मोजणाऱ्या यंत्राच्या नावातून आला आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये ६५ वर्षांवरील व्यक्तींसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल आणि किमान दोन दिवस स्नायूंचे व्यायाम सुचवले. पण तेवढे न जमल्यास जेवढे जमेल तेवढे करावे, असेही तिने स्पष्ट म्हटले आहे. दहा मिनिटांपासून सुरुवात करण्यात कमीपणा काहीच नाही.

त्याच शिफारशीत आठवड्यातून तीन किंवा अधिक दिवस तोल आणि ताकद यांवर भर देणारे व्यायामही आहेत, आणि तोलाचा तर संदेशात उल्लेखच नाही. घरी राहणाऱ्या ज्येष्ठांवरील अनेक चाचण्यांचा २०१९ मध्ये एकत्रित आढावा घेतला गेला, तेव्हा व्यायामाने पडण्याचे प्रमाण सुमारे २३ टक्क्यांनी घटल्याचे दिसले. माझी आई आता स्वयंपाकघराच्या ओट्याला बोटे टेकवून एका पायावर उभी राहते, शेजारी मी असतो. डाव्या पायावर ती दहा सेकंद टिकते, उजव्यावर चार, म्हणून रोज सुरुवात उजव्या पायापासून होते.