परभणीकरांच्या प्रतिक्रियेला उत्तर : एक चूक, दोन परवाने आणि मामाची ठासणी

परभणीकर, नमस्कार.

तुम्ही नाव न देता ‘एक परभणीकर’ एवढीच सही केली आहे, म्हणून मीही तेच म्हणतो. जगात जर्मनी अन् भारतात परभणी, त्यामुळे माउझर या जर्मन रायफलीच्या बाबतीत तुमच्याशी वाद घालणार नाही. बाकी मुद्द्यांवर घालतो.

ज्यांनी मूळ प्रतिक्रिया वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. जुन्या लष्करी रायफलींचा संग्रह कसा सुरू करावा, यावर मी मागे लिहिलं होतं. त्यावर परभणीकरांची चार गाऱ्हाणी आहेत. एक, मी १८५७ ची एनफिल्ड आणि थ्री नॉट थ्री एकच करून टाकली. दोन, पहिलं वर्षभर काही विकत घेऊ नका, हा माझा सल्ला म्हणजे ‘पोहायला शिकवायचं अन् पाण्यात उतरू द्यायचं नाही’. तीन, जुन्या बंदुकीला परवाना लागत नाही, मी उगाच लोकांना घाबरवतो. यांच्या वाड्यात निजामाच्या काळातली ठासणी, म्हणजे तोंडातून दारू ठासून भरायची बंदूक, तीन पिढ्या भिंतीवर आहे, कोणी विचारायला आलं नाही. चार, दुष्काळी मुलखात बसून हे श्रीमंतांचे चोचले कशाला?

चूक आधी कबूल करतो. पहिला मुद्दा शंभर टक्के बरोबर आहे. एनफिल्ड हे लंडनच्या उत्तरेकडचं गाव. तिथे सरकारी बंदूक कारखाना होता, त्यामुळे वेगवेगळ्या पिढ्यांच्या बंदुकांना तेच एक नाव चिकटलं. १८५३ च्या नमुन्याची एनफिल्ड ठासणीची. तोंडातून दारू ओतायची, वर गोळी, गजाने ठासायची, निपल नावाच्या बोंडावर आघाताने पेटणारी छोटी टोपी बसवायची. बोअर, म्हणजे नळीचा व्यास, .५७७ इंच. जिच्या काडतुसाच्या चरबीवरून रान पेटलं ती ही. .३०३ बोअर आला १८८८ मध्ये ली-मेटफर्डबरोबर आणि ली-एनफिल्ड १८९५ मध्ये. दोघींच्या मध्ये स्नायडर आणि मार्टिनी-हेन्री अशा दोन पिढ्या होऊन गेल्या. घाईत एका वाक्यात मी चाळीस वर्षं गिळली. मूळ लेखात दुरुस्ती केली आहे. आमच्या अंबाजोगाईत म्हणजे जुन्या मोमिनाबादेत हैदराबाद कंटिंजंटची, म्हणजे निजामाच्या राज्यातल्या इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालच्या फौजेची, छावणी होती. तिथल्या माणसाने ही चूक करावी याची लाज जरा जास्तच वाटली.

आता परवाना. इथे तुम्ही निम्मे बरोबर आहात, आणि धोका त्या निम्म्यातच आहे.

तुमच्या भाच्याने टेक्ससमध्ये मोसिन-नागां ही जुनी रशियन लष्करी रायफल घेतली, त्याचा फोटोही तुम्ही टाकलात. छान आहे. सोव्हिएत संघ फुटल्यावर ग्रीस फासलेल्या मोसिनच्या पेट्याच्या पेट्या तिकडे उतरल्या आणि बरीच वर्षं त्या स्वस्तात मिळत होत्या. तिकडच्या संघीय कायद्यात १८९८ पर्यंत बनलेली बंदूक ‘अँटिक’ धरतात. ५० वर्षांपेक्षा जुन्या बंदुकांसाठी संग्राहकाचा वेगळा परवाना असतो, त्यावर रायफल घरपोच येते. हे सगळं तिकडे. व्हिडिओ बघून ते १८९८ साल डोक्यात घेऊन आपल्याकडच्या कलेक्टर कचेरीत गेलात तर टेबलावरचा क्लार्क तुमच्याकडे फक्त बघत राहील.

आपल्याकडे १९५९ चा शस्त्र कायदा. त्याच्या कलम ४५ मध्ये जुन्या, कालबाह्य शस्त्रांना सूट आहे, पण ती कशाला? दुरुस्त करूनसुद्धा बंदूक म्हणून वापरता येणार नाही, अशाला. ‘दुरुस्त करूनसुद्धा’ हे शब्द लोक वाचतच नाहीत. तुमच्या ठासणीचा घोडा मोडलाय, पण लोहाराने दोन तासांत बसवला तर ती वाजेल. मग ती सूट तुम्हाला नाही. दुसरी गोष्ट, जी माझ्या लेखात राहिली आणि जी तुमच्या बाजूची आहे : फेब्रुवारी २०२० मध्ये केंद्रीय गृहमंत्रालयाने नियमांत बदल करून ‘क्युरिओ’ म्हणजे पुराणवस्तू या वर्गातली छोटी शस्त्रं भारतीय नागरिकाला विनापरवाना बाळगायची मुभा दिली. मात्र ती वापरायला, बरोबर घेऊन फिरायला किंवा इकडून तिकडे न्यायला परवाना हवाच. म्हणजे भिंतीवर असेल तर ठीक. ‘तुम्हाला दाखवायला घेऊन येतो’ असं तुम्ही लिहिलंय ना, तर कृपा करून एसटीत ती पिशवी घेऊन बसू नका.

आणि ती क्युरिओ आहे की नुसती जुनी बंदूक, हे तुम्ही किंवा मी ओट्यावर बसून ठरवायचं नसतं. अर्ज करा, फोटो जोडा, लेखी उत्तर घ्या. आजोबांच्या नावे परवाना होता असं तुम्हीच म्हणता. तो कागद सापडला तर सोनं समजा. परवानाधारक वारल्यावर हत्यार विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचं आणि वारसाने आपल्या नावे अर्ज करायचा, असा रस्ता आहे. तीन पिढ्या कोणी विचारलं नाही, हे खरं असेल. पण आपल्याकडे भाऊबंदकीत पहिला अर्ज कशाचा पडतो, हे मी परभणीच्या माणसाला सांगायला नको.

खऱ्या, वाजणाऱ्या रायफलींचं म्हणाल तर गणित साधं आहे. .३०३ हा प्रतिबंधित बोअर, पीबी. साध्या परवान्यावर येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला तीनऐवजी दोनच बंदुका ठेवता येतात. दोन बंदुकांना संग्रह कोण म्हणेल? म्हणून आपल्याकडे संग्रहाचा रस्ता वेगळा आहे, आणि ‘वर्षभर काही घेऊ नका’ हा माझा हेका तिथूनच येतो. परवाना रीतसर असेल आणि .३०३ च्या जवळचं काही हाताळायचं असेल, तर आपल्या सरकारी कारखान्याची .३१५ बोल्ट-ॲक्शन, म्हणजे दांडीचा खटका मागेपुढे ओढून भरायची रायफल, आहे. बंगालमधल्या इशापूर रायफल कारखान्याच्या त्याच ली-एनफिल्ड घराण्यातली, गरीब चुलतबहीण म्हणा.

आता पोहण्याचं सांगतो, कारण मी पाण्यात न शिकता उतरलो होतो.

मामाकडे एक ठासणी होती. परवाना होता, रानडुकरांसाठी घेतलेली. मी तेव्हा बावीसचा, कारखान्याच्या टूलरूममध्ये नुकताच लागलेलो. हाताला फाईल अन् पॉलिश पेपरची खाज. दिवाळीत गेलो आणि मामाला खूश करायला घोड्याखालची लोखंडी पट्टी, जिला लॉकप्लेट म्हणतात, आरशासारखी केली. गंज गेला. मामा खूश, मामी खूश. दहा-बारा वर्षांनी इंग्लिश लॉकप्लेटवर काय काय ठोकलेलं असतं ते मी शिकलो, आणि त्या दिवाळीला धावत गेलो. टॉर्च तिरपा धरून बघितलं. मुकुटाच्या खालच्या कडेची पुसट रेघ. पुढे ‘टॉवर’ या इंग्रजी शब्दाची, म्हणजे लंडनच्या टॉवर शस्त्रागाराच्या खुणेची, पहिली दोन अक्षरं. आणि आकडे : १, ८. पुढचे दोन मी स्वतःच्या हाताने १२० नंबरच्या पेपरने पुसले होते. १८५९ असेल, १८६८ असेल. आता कोणाला विचारायचं?

ते दोन आकडे क्षुल्लक नाहीत. १८५७ नंतर इंग्रजांनी देशी पलटणींना मुद्दाम एक पिढी मागचं हत्यार द्यायचं धोरण ठेवलं. काही काळ तर एनफिल्डसारखीच दिसणारी पण नळीत आटे, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या वळणदार खाचा, नसलेली बंदूक दिली, लांबवर नेम लागू नये म्हणून. पुढे गोऱ्याच्या हातात मार्टिनी आली तेव्हा आपल्याकडच्याच्या हातात स्नायडर होती. त्यामुळे मराठवाड्यात सापडणारी बंदूक कोणाची, कोणत्या हाताची, हे साल आणि नळीतले आटे मिळून सांगतात. साल पुसलं की निम्मी गोष्ट गेली.

‘निजामाच्या काळातली’ याने काहीच कळत नाही, परभणीकर. निजामाचा काळ १७२४ ते १९४८. सव्वादोनशे वर्षांत तोड्याची, म्हणजे पेटत्या वातीने उडवायची बंदूक येते आणि ब्रेनगन ही मशीनगनही येते. त्यापेक्षा हे बघा : घोड्याच्या खाली टोपी बसवायचं बोंडासारखं निपल आहे का? असेल तर ती टोपीची. नळीच्या बाजूला छोटी वाटी आणि बारीक छिद्र असेल तर रंजक, म्हणजे बार पेटवायची चिमूटभर दारू, ठेवायची जागा ती, म्हणजे तोड्याची. तोड्याची म्हणजे फार जुनीच, असंही नाही. आपल्याकडे गारगोटीच्या ठिणगीने उडणारी बंदूक कधी नीट रुजलीच नाही, गावोगावचे कारागीर एकोणिसाव्या शतकातही तोड्याच्या घडवत होते. नळीला लाकडाशी बांधणाऱ्या पट्ट्या किती? तीन असतील तर पायदळी लांब एनफिल्डची शक्यता बघायची.

पण हे सगळं करण्याआधी एक. तुमची ठासणी भरलेली असू शकते. हसू नका. काळी दारू कोरडी राहिली तर कित्येक दशकांनीही पेटते, आणि बार न काढताच बंदूक भिंतीवर टांगायची सवय घराघरात होती. गज आत सोडून किती जातो आणि नळी बाहेरून किती लांब आहे यातला फरक बघतात, चार बोटांचा फरक आला तर आत काहीतरी बसलंय. हे तुम्ही करायचं नाही. परवानाधारक बंदूक दुरुस्तीवाल्याला घरी बोलवा. तोवर तिचं तोंड आणि नातवंडं एका रेषेत येऊ देऊ नका.

मग वर्षभर करायचं काय? खुणा वाचायला शिकायच्या. मी पहिली .३०३ हातात घेतली ती एनसीसीत. चार किलोचं धूड, ‘सलामी शस्त्र’ करताना मनगट भरून यायचं. त्यावर ‘डीपी’ ठोकलेलं होतं, म्हणजे फक्त कवायतीची, वाजत नाही. दोन वर्षं ती खांद्यावर वाहिली, पण बोल्टच्या दांडीवरचा नंबर आणि बॉडीवरचा नंबर जुळतो का, हे एकदाही बघितलं नाही. जुळणं महत्त्वाचं अशासाठी की बोल्ट त्याच रायफलीला बसवलेला असतो. दुसरीचा घातला तर काडतुसाच्या बुडामागची फट वाढते आणि बुड फाटून गॅस डोळ्यात येऊ शकतो. इशापूरची रायफल असेल तर मनगटाच्या जागी, दस्ता जिथे सुरू होतो तिथे, गाव, साल आणि मार्क, म्हणजे नमुन्याचा क्रमांक, असतो. स्वातंत्र्याआधीच्यावर मुकुट, नंतरच्यावर अशोकाचे सिंह. सरकारी मालाचा बाण, त्याखाली इंग्रजी आय, ही हिंदुस्थान सरकारची खूण.

ती खूण मला सर्वांत आधी कुठे दिसली सांगू? आजीच्या शिलाई मशीनच्या खणात. बोटाएवढी पितळी बाटली, फिरकीचं झाकण, झाकणाला आत चमच्यासारखी जीभ. आजी त्यातून मशीनला तेल सोडायची. ती .३०३ च्या दस्त्यात, मागच्या पितळी झाकणाआड बसणारी तेलाची बाटली निघाली. चुलतआजोबा लष्करातून येताना घेऊन आले होते म्हणे. तिला परवाना लागत नाही. तसंच पुलथ्रू म्हणजे नळी साफ करायची दोरी, वेबिंगचा म्हणजे जाड विणीचा लष्करी पट्टा, पाच काडतुसांच्या रिकाम्या क्लिपा, जुनी प्रशिक्षण पुस्तकं. जुन्या बाजारात भांड्यांच्या ढिगात हे पडलेलं असतं आणि विकणाऱ्याला त्याचं नाव माहीत नसतं. संगीन मात्र वेगळी. १९०७ च्या नमुन्याचं पातं १७ इंची, तेही शस्त्र कायद्याच्या यादीत येतं. ठाण्यात विचारल्याशिवाय उचलू नका.

आणि डोळा तयार नसताना पैसे काढले की काय होतं? मागच्या वर्षी व्हॉट्सॲपवर एकाने मार्टिनीचे फोटो पाठवले, ‘राजघराण्यातली, ऐंशी हजार’. बाजूला मुकुट, त्याखाली राणी व्हिक्टोरियाचं व्ही आर, त्याखाली १९११. राणी जानेवारी १९०१ मध्येच गेली. वर एनफिल्डमधलं इंग्रजी एन उलटं ठोकलेलं. वायव्य सरहद्दीकडच्या दऱ्यांत अशा नकला पिढ्यान् पिढ्या बनत आल्यात, आणि त्यांचं पोलाद कसलं असतं ते देवच जाणे. कागदाचं तर नावच नव्हतं. त्या गृहस्थांना मी एवढंच विचारलं की मेलेल्या राणीने शिक्का कसा मारला. त्यांनी मला ब्लॉक केलं.

चोचल्यांबद्दल फार बोलत नाही. माझ्या संग्रहाची सगळ्यात महाग वस्तू म्हणजे भिंग. आणि ज्या मुलखात १३ ते १७ सप्टेंबर १९४८ या पाच दिवसांत निजामाची राजवट पालटली, तिथल्या घराघरातली हत्यारं कुठून आली, कोणी आडात टाकली, कोणी जमा केली, हे सांगणारी माणसं आता नव्वदीत आहेत. दुष्काळ त्यांच्यासाठी थांबत नाही. तुमच्या घरात कोणी असेल तर बंदुकीआधी त्यांच्याजवळ बसा.

शेवटी तुम्ही विचारलंय, दिवाळीआधी ठासणी साफ करू का. लोखंडाला हात लावू नका. लाकूड फारच सुकलं असेल तर कच्च्या जवसाच्या तेलाचे दोन-चार थेंब तळहातावर घेऊन चोळा. इंग्रज पलटणीही दस्त्याला तेच लावत, आपण चटणी करतो ते जवस. व्हार्निश नको. तेलाची चिंदी बोळा करून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप तापून पेट घेते, उन्हात पसरून वाळवा. लॉकप्लेटचा फोटो सकाळच्या तिरप्या उन्हात काढा आणि मला ईमेलवर पाठवा, खाली प्रतिक्रियेत नंबर लिहू नका. आणि घरात पितळ घासून चमकवायच्या ब्रासोची डबी असेल तर ती आजच्या आज शेजारी देऊन टाका.