मेटलवाल्याला पॉप चढतं तेव्हा

आम्हा मेटल, म्हणजे जड गिटारी आणि दणदणीत ड्रमचं रॉक संगीत, ऐकणाऱ्यांना सहसा कशाची लाज वाटत नाही. कवटी छापलेला काळा टी-शर्ट घालून आम्ही मे महिन्यातल्या दुपारच्या मुहूर्ताला जातो, दहा मिनिटांचं गाणं ‘छोटं आहे’ म्हणून पाहुण्यांना ऐकवतो, आणि गायकाच्या गुरगुराटातले शब्द स्पष्ट ऐकू येतात असं छातीठोकपणे सांगतो. लाज वाटते ती एकाच गोष्टीची. गाण्याचा कोरस, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारं धृपद, पॉपसारखा गोड निघाला आणि तो आवडला, की आमचा चेहरा चतुर्थीला अंडं खाताना सापडल्यासारखा होतो.

ही वेळ हल्ली अनेकांवर येते ती बेबीमेटलमुळे. बँड तसा २०१० सालचा, जपानी. ‘सकुरा गाकुइन’ या शाळकरी मुलींच्या आयडॉल ग्रुपची, म्हणजे नाचत पॉप गाणाऱ्या गटाची, ही एक शाखा. पुढे तीन मुली नाचणार-गाणार, मागे गिटारी आणि ड्रम; गाणं पॉपचं, वाजवणं मेटलचं. मेटल म्हणजे काय हे त्या मुलींना तेव्हा ठाऊकही नव्हतं. सुरुवातीला मागची मंडळी सांगाड्याचे कपडे घालून वाजवण्याचा नुसता अभिनय करायची. खरे वाजवणारे नंतर आले आणि ते इतके तयारीचे निघाले की त्यांचं नाव ‘कामी बँड’, म्हणजे देवांचा बँड, पडलं. बँड इतका जुना असला तरी सापडतो प्रत्येकाला नव्यानेच, आणि सापडला की प्रत्येकाला वाटतं, हा प्रकार आपल्या फोनमध्ये चुकून शिरलाय.

पहिली चूक इथेच होते. माणूस व्हिडिओ लावतो. डोळ्यांना फ्रॉक आणि पोनीटेल दिसतात आणि कानांचं म्हणणं कुणी ऐकूनच घेत नाही. म्हणून पहिल्या आठवड्यात व्हिडिओ पूर्ण बंद. फक्त आवाज. गाणंही निवडून घ्यावं. जुन्या मेटलवाल्याने २०१६ च्या ‘कराटे’पासून सुरुवात करावी, चाल मध्यम लयीची, रिफ (गिटारचा पुन्हा पुन्हा येणारा तुकडा) जडशीळ, अपमान कमी. ज्यांचा पिंड पॉपचा आहे त्यांनी ‘गिमी चॉकलेट’ घ्यावं. चॉकलेट हवंय पण वजनाची काळजी वाटते, एवढाच त्याचा आशय, आणि त्याखाली गिटारी कुणाचा तरी खून चाललाय अशा थाटात सुटलेल्या. २०१४ मध्ये हेच गाणं जगभर पसरलं आणि अर्धं जग खवळलं.

आता ऐकायचं कशावर. फोनच्या स्पीकरवर तर अजिबात नाही. साध्या ट्यूनिंगमधल्या गिटारची सर्वांत खालची तार ८२ हर्ट्झची. सात तारांच्या गिटारची सातवी तार जवळपास ६२ हर्ट्झची. फोनच्या स्पीकरला दोनशेच्या खाली दमच नाही. म्हणजे मेटल गाळलं जातं, पॉप तेवढं उरतं, आणि ऐकणारा म्हणतो, ‘हे तर बालगीत आहे.’ उलट ‘एक्स्ट्रा बास’चं बटण दाबलेले स्वस्त हेडफोन खालचा सगळा भाग असा फुगवतात की मुलीच दिसेनाशा होतात. इक्वलायझर (खालचे-वरचे सूर कमीजास्त करणाऱ्या पट्ट्या) सपाट ठेवावा, हेच बरं.

आणि एक इअरबड मित्राला, एक आपल्याला, असं लोकलमधलं वाटप करू नये. मेटलमध्ये एकच रिफ दोनदा वाजवून रेकॉर्ड करतात. एक प्रत पार डावीकडे, दुसरी पार उजवीकडे. आवाज, बास गिटार आणि बास ड्रम मधोमध. अर्धा संच लावला की एक गिटारवाला मित्राच्या कानात जातो, आणि दोघेही अर्धवट माहितीवर भांडायला मोकळे.

ड्रमचं वेगळं शास्त्र आहे. दोन पायांनी दोन पेडल. मिनिटाला दोनशे मात्रांच्या लयीत प्रत्येक मात्रेला चार ठोके म्हटले तर मिनिटाला आठशे, सेकंदाला तेरा. एवढे दणके नुसत्या घुमणाऱ्या बास ड्रमवर पडले तर सगळी खिचडी होईल. म्हणून ध्वनिमुद्रण करणारे त्या ड्रमच्या आवाजात तीन ते पाच हजार हर्ट्झच्या आसपास एक टणक ‘टिक’ उठवून घेतात. पुण्याच्या मिरवणुकीत ढोल कितीही घुमला तरी ठोका कळतो तो टिपरूमुळे, तसंच हे. गंमत अशी की त्याच्या जरा खाली, दोन-चार हजारांच्या पट्ट्यात, गाणारीचे शब्दही स्पष्ट होतात, आणि गिटारचा ओरखडाही तिथेच बसलेला असतो. दादर स्टेशनवर सहा वाजता जी परिस्थिती, ती त्या पट्ट्यात कायम. मग कुणाला तरी सरकावं लागतं, आणि सरकते ती गिटार. तिचा तेवढा भाग थोडा कापतात. मेटलच्या गाण्यात पॉपसाठी गिटारला जागा सोडायला लावणं किती अपमानास्पद आहे हे गिटारवाल्याला विचारा. तो सांगेल, तासभर सांगेल.

पण माझा मुद्दा निराळाच आहे. या मिश्रणात अवघड भाग मेटलचा नाही, पॉपचा आहे. आमचे लोक हे कबूल करत नाहीत, म्हणून जरा सविस्तर. गिटारला डिस्टॉर्शन लावलं, म्हणजे तिचा आवाज मुद्दाम खरखरीत केला, की दोन सूर एकत्र वाजवताना त्यांच्या बेरजा-वजाबाक्यांचे आणखी सूर तयार होतात. सा आणि प असतील तर हे उपरे सूर गुण्यागोविंदाने बसतात. मध्ये गंधार घातला की मात्र गढूळ गुरगुर होते. म्हणून मेटलवाले बहुतेक वेळ सा-प, सा-प एवढंच हाणत बसतात. त्यालाच पॉवर कॉर्ड म्हणतात. आता गंधार शुद्ध की कोमल, म्हणजे गाणं प्रसन्न की उदास, हे ठरवायचं कोणी? त्या पोनीटेलवालीने. शंभर वॅटचे ॲम्प्लिफायर, कवट्या, पांढरे रंगवलेले चेहरे, एवढा लवाजमा उभा असतो आणि गाण्याचा भाव एका मुलीच्या एका स्वरावर टांगलेला असतो. तो किंचित उतरला तरी लगेच कळतं. गुरगुरणाऱ्याला ही भीती नाही. त्याचा आवाज स्वरतंतूंच्या वर असलेल्या खोट्या पडद्यांवर घासून निघतो, त्यात ठाम स्वरच नसतो, मग बेसूर कुठून होणार? आयुष्यभर बेसूर न होण्याची ही एकमेव खात्रीशीर पद्धत.

एवढं समजूनही मित्रांसमोर बसावं लागतंच. मेटलवाल्यांचं शुद्धिमंडळ कुठल्याही परीक्षकापेक्षा कडक. ‘हे मेटल आहे का?’ हा प्रश्न पहिल्या तीस सेकंदांत येतो. भावनिक उत्तर देऊ नये, पुरावे टाकावेत. १९८२ मध्ये मायकल जॅक्सनच्या ‘बीट इट’मधला गिटार सोलो हार्ड रॉकवाल्या एडी व्हॅन हेलनने वाजवला, तोही फुकट. पॉपच्या सर्वांत यशस्वी गीतकार-निर्मात्यांपैकी एक मॅक्स मार्टिन आधी स्वीडनमधल्या एका ग्लॅम मेटल बँडचा गायक होता. इंग्लंडच्या सोनिस्फिअर या रॉक-मेटल महोत्सवात २०१४ मध्ये बेबीमेटलला लहान मंचावरून मुख्य मंचावर हलवावं लागलं. आणि शेवटचा पत्ता राखून ठेवावा : २०१६ मध्ये जुडास प्रीस्ट या जुन्या मेटल बँडचा गायक रॉब हॅलफोर्ड स्वतः या मुलींबरोबर मंचावर गायला. हॅलफोर्डचं नाव ऐकल्यावर मंडळ चहा मागवतं.

तरीही एखादा म्हणतोच, ‘आपल्याकडे हे चालायचं नाही.’ त्याला दिल्लीचा मेटल बँड ब्लडीवुड ऐकवावा. ढोल, हिंदी आणि पंजाबी, आणि खाली जड रिफ. २०२५ मध्ये त्यांनी बेबीमेटलबरोबर ‘बेखौफ’ केलं. हिंदी आणि जपानी शब्द एकाच गाण्यात, आणि दोन्हीकडचे शुद्धतावादी एकाच वेळी नाराज, एवढं ऐक्य आशियात क्वचित दिसतं.

हाताच्या खुणेबाबत सावध राहावं. मेटलची जुनी खूण : तर्जनी आणि करंगळी वर, मधली आणि अनामिका मुडपून त्यांवर अंगठा दाबलेला. ती मेटल गायक रॉनी जेम्स डिओने लोकप्रिय केली. त्याची इटालियन आजी दृष्ट लागू नये म्हणून ती करायची. म्हणजे मीठ-मोहऱ्यांचंच काम, फक्त वर ॲम्प्लिफायर. बेबीमेटलची खूण कोल्ह्याची आहे. मधली आणि अनामिका वाकवायची नाहीत, पुढे सरळ करून अंगठ्याच्या टोकाला भिडवायची. ते कोल्ह्याचं तोंड, वरची दोन बोटं कान. घाईत जुन्या खुणेतला अंगठा बाहेर राहिला तर अमेरिकी सांकेतिक भाषेत ‘माझं तुझ्यावर प्रेम आहे’ असं होतं. मोशपिटमध्ये, म्हणजे मंचापुढच्या धक्काबुक्कीच्या गर्दीत, अनोळखी, घामाघूम, दाढीवाल्या माणसाला ते सांगणं बरं नव्हे.

घरचा प्रश्न वेगळा. गाण्याच्या ॲपचं खातं कुटुंबात सामायिक असेल तर ऐकण्याआधी ॲपमधलं प्रायव्हेट सेशन, म्हणजे ऐकलेलं हिशेबात न धरणारी सोय, चालू करावं. नाहीतर आठवडाभरात ॲपला वाटतं, घरात एक दहा वर्षांची मुलगी आहे आणि तिला राग फार येतो. मग सासूबाईंच्या भजनांनंतर काय लागेल ते सांगता येत नाही.

प्रत्यक्ष कार्यक्रमाला जायचं झालं तर इअरप्लग हवेतच. ८५ डेसिबल आठ तास चालतात. पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा, म्हणजे १०० डेसिबलला जेमतेम पंधरा मिनिटं. फोमचा प्लग बोटांनी लांब, बारीक वळायचा, दुसरा हात डोक्यामागून नेऊन कानाचा वरचा भाग वर ओढायचा, प्लग आत सारायचा आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट धरून ठेवायचा. कापसाचे बोळे उपयोगाचे नाहीत. फोम वरचे सूर जास्त गिळतो, खालचे कमी, त्यामुळे मुलींचा आवाज पुसट होतो आणि गिटारी, ड्रम तसेच राहतात. वाद्य वाजवणारे वापरतात ते फिल्टरचे प्लग महाग पडतात, पण त्यातून दोन्ही सारखे ऐकू येतात. शुद्धिमंडळाच्या सभासदांनी फोमचेच घ्यावेत.