झाकण उघडण्यापूर्वी पोहे खाऊन घ्या

नव्या घड्याळाचं मागचं झाकण घरीच उघडून आत बघावं का, म्हणता? उघडा की! विचारता कोणाला? घड्याळ तुमचं, मनगट तुमचं, रविवारची दुपार तुमची, आणि घरातली मंडळी जेवून आडवी झालेली. याहून चांगला मुहूर्त पंचांगातही सापडायचा नाही. दोन लाखांची वस्तू घरात येऊन महिना झाला आणि आपण अजून तिचं पोट पाहिलेलं नाही, हे इंदूरच्या माणसाला शोभत नाही. आपण सराफ्यात, म्हणजे दिवसा सोन्याचांदीच्या आणि रात्री खाण्याच्या बाजारात, अकरा वाजता गराडू, म्हणजे कंदाचे तळलेले काप, घेतानासुद्धा कढईत डोकावून तेलाचा रंग बघतो. हे तर घड्याळ.

काही घाबरट लोक म्हणतील, घड्याळजीकडे न्या. ऐकू नका. घड्याळजी डोळ्याला भिंग लावून खाली वाकला की आपल्याला दिसतं ते फक्त त्याचं टक्कल. आतली सगळी शोभा तो एकटा बघतो, मधूनमधून 'हूं' म्हणतो आणि त्या 'हूं'चे पैसे आपण मोजतो.

फक्त उघडायचं कारण आधी पक्कं करून ठेवा, पुढे ते पुष्कळांना सांगावं लागतं. 'मला यंत्रांची पहिल्यापासून आवड' हे चारचौघांत बरं दिसतं. खरं कारण निराळंच असतं. घड्याळ साठीला जावयाने दिलेलं असतं. जावई सिंगापूरला, पगार उत्तम, स्वभाव त्याहून उत्तम, खोक्यात वॉरंटी कार्ड, पावतीसुद्धा. तरी रात्री दिवा मालवल्यावर एक किडा वळवळतोच: खरं असेल ना? बायकोला सांगावं तर जावई तिचा लाडका. मुलीजवळ तर तोंडही उघडायची सोय नाही. मग उघडण्यासारखं उरतं काय? मागचं झाकण. आपल्या गांधी हॉलच्या मनोऱ्यावर 1904 च्या इमारतीचं घड्याळ आहे, ते उघडून बघावं असं आजवर कधी वाटलं का तुम्हाला? नाही वाटलं, कारण ते जावयाने दिलेलं नाही.

आता आत पाहून खरं-खोटं ओळखता येतं का तुम्हाला? नसेल येत, तर फारच छान. येत असतं तर उघडायची गरजच पडली नसती. शिवाय न येणाऱ्याला धक्के भरपूर बसतात. तबकडीवर एका खानदानी कंपनीचं नाव, आणि आत मशीनवर मुंगीच्या अक्षरांत 'ईटीए' नाहीतर 'सेलिटा'! झालं, फसवलं पोराने! वास्तविक स्वित्झर्लंडमधल्या कितीतरी नावाजलेल्या घड्याळांत याच दोघांची मशीनं बसवलेली असतात, आणि त्यात लपवाछपवी काही नाही. पत्रिकेवर नाव यजमानांचं असतं आणि पंगतीला जेवण केटररचं, म्हणून लग्न काही खोटं ठरत नाही. पण ही माहिती तुम्हाला दोन दिवसांनी मिळेल. तोवर जावयाशी फोनवर तुटक बोलून घ्या.

पाठीला आधीच काच असलेली घड्याळं या कामाची नाहीत. न उचकटता दिसतं त्यात कसली मर्दुमकी? 2023 मध्ये रोलेक्सनेसुद्धा प्लॅटिनमच्या डेटोनाला आणि '1908' नावाच्या मॉडेलला मागे काच दिली. आमच्यासारख्यांच्या पोटावरच पाय आणला म्हणायचा. रिव्हर्सो नावाचं घड्याळ हा त्याहून जुना प्रकार. भारतात पोलो खेळणाऱ्या इंग्रज अधिकाऱ्यांच्या घड्याळांच्या काचा फुटायच्या, म्हणून 1931 मध्ये घड्याळच उलटं फिरवायची सोय निघाली: काच आत, पोलाद बाहेर. पाठ फिरवायची परवानगी जिथे कंपनीच देते, तिथे आपण करायचं काय? आणि कोणी तुमच्या हाती ऑडेमार पिगे कंपनीचं रॉयल ओक घड्याळ दिलंच, तर त्याच्या तोंडावरचे आठ पेच जरूर फिरवून बघा. 1972 पासून लोक बघताहेत. आठांच्याही खाचा एका रेषेत असतात, कारण ते फिरतच नाहीत. षट्कोनी घरात घट्ट बसलेली ती नुसती डोकी, पिळायचं ते मागून. पेचकस मात्र छान घसरतो.

तर आपल्यासाठी दोनच जाती. पहिली आट्यांच्या झाकणाची. कडेला खाचा असतात आणि त्यांत बसणारी वेगळी किल्ली मिळते. ती विकत घेऊ नका. नातवाच्या कंपासपेटीतलं कर्कटक घ्या, दोन टोकं दोन खाचांत घाला आणि जोर लावा. टोक निसटून झाकणावर जी रेघ उमटते ती आयुष्यभर पुरते. काहीजण रबरी चेंडू दाबून झाकण फिरवतात. हे खरोखर जमतं हो. म्हणून तर ते सगळ्यात धोक्याचं.

दुसरी जात दाबून बसवलेल्या झाकणाची. माझं तेच होतं. (आता 'तुम्ही, तुम्ही' किती वेळ करणार?) कडेला नखाएवढी फट, तिच्यात भाजीची सुरी, मनगटाला किंचित झटका, 'टक्'. बस. इतकं सोपं, की उगाच एवढे दिवस घालवले असं वाटतं.

हा आत्मविश्वास मला वारशाने मिळालेला. बाबांचं एचएमटी होतं. जपानच्या सिटिझनबरोबर 1961 मध्ये बंगलोरला जी घड्याळं बनू लागली, त्यांतलं. रामबागेतल्या आमच्या जुन्या घरात दिवाळीच्या आधी एखाद्या रविवारी बाबा ओसरीवर बसून ते उघडत. आत बघत, एक फुंकर मारत, अंगठ्याने झाकण दाबत आणि "चालतंय" म्हणत. ते चालायचंच. सरकारने 2016 मध्ये ती घड्याळांची कंपनी बंद करायचं ठरवलं, बाबांचं घड्याळ आजही किल्ली दिली की सुरू होतं. मला वाटायचं, ही सगळी त्या फुंकरीची करामत.

आता आत काय दिसतं ते सांगतो, कारण तेवढं एक खरंच बघण्यासारखं आहे. मधोमध अर्धचंद्रासारखं एक वजन, हात हलला की गोल फिरणारं. त्याच्या कडेखाली पितळी चाक श्वास घेतल्यासारखं पुढे-मागे होतं, सेकंदाला आठ ठोके. तासाला 28,800. दिवसाचे झाले 6 लाख 91 हजार 200. कुणासाठी, तर ज्याला बँकेतून निवृत्त होऊन आता कुठेही वेळेवर पोचायचं नाही अशा माणसासाठी. त्या चाकाच्या पोटात माणसाच्या केसाहून पातळ कमान, जिलेबीच्या वेढ्यांसारखी गुंडाळलेली आणि वेढे एकमेकांना न लागणारे. आणि माणकं! चक्क लालचुटुक माणकं, जागोजागी जडवलेली. मी मोजायला लागलो आणि मनातल्या मनात सराफ्याच्या भावाने गुणाकारही सुरू केला. पुढे कळलं की ती कृत्रिम असतात, हे माणिक बनवायची रीत 1902 मध्ये व्हर्न्यूल नावाच्या फ्रेंच माणसाने जाहीर केली, आणि सराफ्यात त्यांच्या बदल्यात दिवसा काही मिळणार नाही, रात्री फार तर भुट्ट्याचा कीस.

इथवर थांबलो असतो तर हा लेख लिहायची वेळ आली नसती. पण उघडलंच आहे तर थोडी देखभाल करावी म्हटलं. दिसले तेवढे पेच पाव-पाव फेरा आवळले. पेचकस मुद्दाम चुंबकवाला घेतलेला, जेल रोडवरून. पडलेला पेच चटकन उचलतो, फार हुशार वस्तू.

टेबलावर सकाळचे पोहे होते. इंदुरात पोहे टेबलावर नसतात कधी? बशीत थोडे उरलेले, वर शेव, त्यावर जीरावन, म्हणजे पोह्यांवर भुरभुरायचा आपला इंदुरी मसाला. मी एका हातात घड्याळ धरून दुसऱ्या हाताने एक घास घेतला आणि तेवढ्यात बाबांची आठवण झाली. फुंकर मारली.

फुंकरीत काय काय असतं याचा विचार आपण करत नाही. थुंकीचा शिडकावा असतो, तो पोलादाला गंज आणतो. आणि घास नुकताच घेतलेला असेल तर आणखीही काही असतं.

मग झाकण लावायला घेतलं. लक्षात ठेवा, उघडायला भाजीची सुरी पुरते, लावायला यंत्र लागतं. दोन्ही बाजूंनी प्लास्टिकच्या चकत्या असलेला लहानसा दाबपंप. झाकणाच्या कडेला आतून एक खाच असते, ती किल्ली द्यायच्या दांड्यासमोरच यावी लागते, नाहीतर दांडा वाकतो. हे मला ठाऊक नव्हतं, म्हणून मी पोळपाटाखाली घड्याळ ठेवून वर तळव्यांनी भार दिला. आधी मी, मग मी आणि शेजारचा कॉलेजात जाणारा मुलगा मिळून. "भिया, जोर लगाओ," तो म्हणाला. मी त्याच्या आजोबांच्या वयाचा आहे. झाकण एका बाजूने बसलं, दुसऱ्या बाजूने उठलं. शेवटी सेलोटेप लावली.

झाकणाखाली एक रबरी कडी असते, केसाएवढी जाड, पाणी आत जाऊ नये म्हणून. ती टेबलावरून कधी घरंगळली कळलंच नाही. संध्याकाळी हिने झाडताना उचलली. आता आपलं शहर पडलं 2017 पासून सलग सात वर्षं स्वच्छतेत देशात पहिलं आलेलं. आमच्या घरी ओला, सुका, प्लास्टिक, इलेक्ट्रॉनिक, सॅनिटरी, घातक असं सगळं वेगवेगळं जातं. हिने कडी दोन बोटांत धरून नीट पाहिली, "अहो, हे रबर प्लास्टिकात का सुक्यात?" असं विचारलं, मी "बघ तुला काय वाटतं ते" म्हणालो आणि सकाळी गाणं वाजवत आलेल्या गाडीत 100 मीटर पाण्याखाली टिकण्याची हमी निघून गेली. आता मी हात धुताना घड्याळ काढून खिशात ठेवतो.

तरी ते चालत होतं. नुसतं चालत नव्हतं, पळत होतं. क्रोनोमीटरचं, म्हणजे अचूक घड्याळाचं, प्रमाणपत्र देणारी स्विस संस्था मशीन 15 दिवस तपासते आणि दिवसाला सरासरी 4 सेकंद मागे ते 6 सेकंद पुढे एवढीच सूट देते. आमचं दिवसाला चौदा मिनिटं पुढे. हुशार पेचकसाने आपलं काम केलं होतं: कमानीला चुंबकत्व आलं, जिलेबीचे वेढे एकमेकांना चिकटले, कमान आखूड झाल्यासारखी झाली आणि चाक धापा टाकू लागलं.

मागे पडलं असतं तर निभावलं असतं. आपली घड्याळं चालतात 82.5 अंश रेखांशावर, आणि जुन्या ज्योतिषाची शून्य रेषा जाते आपल्या शेजारच्या उज्जैनवरून, 76 अंशांच्या जरा अलीकडून. म्हणजे तिथला सूर्य सरकारी घड्याळापेक्षा सुमारे 27 मिनिटं मागे. आपलाही जवळजवळ तेवढाच. घड्याळ 27 मिनिटं मागे राहिलं असतं, तर मी छाती काढून सांगितलं असतं की हे अवंतीची शुद्ध वेळ दाखवतं. पुढे पळणाऱ्या घड्याळासाठी मात्र आपल्या परंपरेत काही सोय नाही.

शेवटी गेलो घड्याळजीकडे, राजवाड्यामागच्या गल्लीत. त्याने सेलोटेप पाहिली. काही बोलला नाही, नखाने सोडवली, गोळी करून बाजूला ठेवली. मग निळ्या रंगाची एक डबी काढली, घड्याळ तिच्यावर धरलं, बटण दाबून हळूहळू वर उचललं. चुंबकत्व गेलं. दोन सेकंदांचं काम. मला वाटलं, सुटलो. त्याने भिंग लावलं आणि खाली वाकला. टक्कल दिसलं. "हूं," म्हणाला. बराच वेळ गेला. चिमट्याने काहीतरी उचलून त्याने पांढऱ्या कागदावर ठेवलं, पिवळसर कण. त्याने भिंग वर केलं, बोट जिभेला लावणार होता, पण थांबला.

"अंकलजी, ये जीरावन है क्या?"

मी म्हटलं, असेल. पूर्ण मशीन उकलून, धुऊन, नवं तेल घालून साडेचार हजार सांगितले. रबरी कडी वेगळी. "ओरिजनल है?" मी हळूच विचारलं. त्याने पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिलं. "जीरावन?"

जावयाचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा घड्याळ दुकानातच होतं. "बाबा, घड्याळ कसं चाललंय?" मी हात कॅमेऱ्याच्या खाली ठेवून म्हटलं, एकदम फास्ट. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, म्हणून मी हात दाखवलाच नाही.

परवा सुदामानगरहून साडूंचा फोन आला. त्यांच्या मुलाने त्यांना दुबईहून घड्याळ आणलंय. तसं चांगलं आहे म्हणे, पण जरा आत बघावंसं वाटतं. "तुमच्याकडे तो चुंबकवाला पेचकस आहे ना? रविवारी येतो. येताना छप्पन दुकानच्या खाऊगल्लीतून पोहे आणतो."

आणा म्हटलं. जीरावन तेवढं वेगळ्या पुडीत बांधून घ्या.