सरांचा सेट

आज डोकं फिरलंय, त्यामुळे पोस्ट लांब होणार. ज्यांना रील्स बघायच्यात त्यांनी खुशाल पुढं जावं.

दुपारी एका कॉलेजजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात आमच्या एका पार्टीचे जीएसटीचे कागद घेऊन उभी होते. सोलापूरचं एप्रिलचं ऊन, त्यात पुढं पोरापोरींची ही गर्दी. दुकानदार मान वर न करता प्रत्येकाला एकच विचारतोय, "कोणत्या सरांचा सेट?" पोरं नाव सांगतायत, तो फळीवरून पिन मारलेला गठ्ठा काढून देतोय. शेजारच्या मुलीला विचारलं, हे काय गं? "आयएमपी आहे काकू, म्हणजे महत्त्वाचे प्रश्न. सर स्वतःच इथं देऊन ठेवतात. इंटर्नलला, कॉलेजच्या परीक्षेला, ह्यातलंच येतंय." आणि नाही घेतलं तर? ती माझ्याकडं बघायलीच नुसती. "मग काय, लिहिता येत नाही."

पेपर काढणारे तेच, तपासणारे तेच, आणि पेपरात काय येणार ते दुकानात विकायला ठेवणारेही तेच! माझ्या तोंडात आलेला शब्द इथं लिहीत नाही, आमच्या आत्या फेसबुकवर आहेत.

मला माझा एफवायचा अकाउंट्सचा पेपर आठवला. तेव्हा आमची पहिल्या वर्षाची परीक्षा कॉलेजच घ्यायचं आणि पेपर आमचेच सर काढायचे. फायनल अकाउंट्सचं गणित म्हणजे माझा हातखंडा. आणि त्या दिवशी बॅलन्स शीट काही केल्या जुळेना. २७०० चा फरक. खोडलं, पुरवणी घेतली, पुन्हा पहिल्यापासून मांडलं. परत २७००! बाकीचे प्रश्न तसेच राहिले. बाहेर आल्यावर कळलं की गणितच चुकीचं छापलेलं. सरांच्या घरी शिकवणीला जाणाऱ्यांना हे आधीच माहीत होतं, कारण तेच चुकलेलं गणित तिथं सोडवून घेतलं होतं. सरांनी तिथं सांगितलेलं, "फरक सस्पेन्सला टाका न् पुढं चला." सस्पेन्स म्हणजे न जुळणारी रक्कम तात्पुरती टाकायचं खातं. त्यांनी टाकला, पूर्ण मार्क घेतले. माझे वडील चादरीच्या कारखान्यात मागावर होते. शिकवणीचा विषय मी घरात काढलाच नव्हता.

लगेच कुणीतरी कायदा सांगेल, म्हणून मीच सांगते. परीक्षेआधी पेपर फोडणं महाराष्ट्रात १९८२ च्या कायद्यानं गुन्हा आहे. पण वर्गात "हे जरा बघून ठेवा" म्हणत डोळा मारणं कुठल्या कलमात बसतं? शाळेतल्या शिक्षकांना २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं खासगी शिकवणी सरळ बंद केली. कॉलेजच्या प्राध्यापकांसाठी यूजीसीची, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाची, २०१८ ची आचारसंहिता आहे, पण तिची भाषा कशी, तर कामात अडथळा येईल अशा शिकवण्या टाळाव्यात. अडथळा येतो की नाही हे ठरवणार कोण? सरच! आपली तपासलेली उत्तरपत्रिका बघायचा हक्क मुलांना आहे, हे सर्वोच्च न्यायालयानं २०११ साली सांगितलं. चांगलं झालं. पण प्रश्नपत्रिकेचं रीचेकिंग कुठं करून मिळतं? पोराचं उत्तर चुकलं की मार्क जातात. सरांचा प्रश्न चुकला की तेही पोराचेच जातात.

आणि ते गेल्या वर्षीचा पेपर उचलून फक्त वरचं साल बदलणं. भाचीनं परवा दाखवलेल्या पेपरात तर गणितातली तारीखसुद्धा जुनीच होती. मराठीत लिहिणाऱ्या पोरांचे हाल वेगळेच. प्रश्नाचं भाषांतर असं, की मूळ इंग्रजी वाचल्याशिवाय मराठी कळत नाही.

हां, सगळे प्राध्यापक असे नाहीत, माहितीय. तासिका तत्त्वावरचे, म्हणजे तासावर पैसे मिळणारे लोक सकाळी एका कॉलेजात, दुपारी दुसऱ्या, पगार कधी होईल ह्याचा पत्ता नाही. माझा एक मित्र त्यातच केस पांढरे करून बसलाय. पेपर काढायचे जे पैसे मिळतात ते सांगताना त्यालाच हसू येतं. त्यानं रात्री अकराला बसून जुन्या पेपरातले दोन प्रश्न उचलले तर मी काही बोलणार नाही. खरंच नाही. त्याच्या हाताखाली शिकलेली पोरं त्याचं नाव काढतात.

पण कायम नोकरी, सातवा वेतन आयोग, आणि वर दुकानात सेट? त्यांना कसली आलीय अडचण?

त्या २७०० चा उलगडा मला पुढं नोकरीत झाला. फरकाला नऊनं भाग गेला की दोन आकडे उलटेपालटे पडलेत का ते आधी बघायचं, हे आमच्या हेडक्लार्कनं शिकवलं. १८५०० चे १५८०० छापले की झालं. दोन मिनिटांचं काम. पेपर छापायला देण्याआधी सरांनी स्वतःचं गणित एकदा, फक्त एकदा, सोडवून बघितलं असतं तर? बघितलंही असेल म्हणा. शिकवणीत सोडवून घेतलंच होतं की!

आता जिथं ६०-४० चा पॅटर्न आलाय तिथं शंभरातले चाळीस कॉलेजच्याच हातात. कल्पना चांगली आहे, नाही म्हणत नाही. वर्षभर पोराला बघणारा मास्तरच मार्क देणार. पण झेरॉक्सवाल्याची फळी बघून आल्यावर मला त्या चाळिसाची भीती वाटते.

फ्रेंडलिस्टमध्ये बरेच प्राध्यापक आहेत. इनबॉक्समध्ये "ताई, तुमचं बरोबर आहे, पण" असं लिहू नका. इथं, खाली लिहा. आणि तुमचाही सेट कुठल्या दुकानात असेल तर दुकानाचं नाव नको, तेवढी किंमत सांगा.