आजार ही शिवी नव्हे

पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात चौदाव्या शतकातला फ्रेंच बखरकार फ्रुआसार याच्या बखरीची एक सचित्र प्रत आहे, १४७०च्या सुमारास आजच्या बेल्जियममधल्या ब्रूज शहरात तयार झालेली. त्यातल्या एका चित्रात फ्रान्सचा राजा सहावा शार्ल घोड्यावरून आपल्याच माणसांवर तलवार चालवतोय. प्रसंग ५ ऑगस्ट १३९२चा. २३ वर्षांचा राजा मोहिमेवर निघाला होता. ल माँ शहराजवळच्या रानात एका फाटक्या माणसाने त्याला अडवलं आणि पुढे दगा आहे म्हणून बजावलं. नंतर भर उन्हात एका पोराच्या हातून भाला निसटला, लोखंडावर लोखंड खणकलं आणि राजाने तलवार उपसली. काही जण जिवानिशी गेले, सख्खा भाऊ पळाला म्हणून वाचला.

चित्रकाराने तलवार रंगवली, ते साहजिकच. मला त्यानंतरची हकीकत जास्त महत्त्वाची वाटते. गियोम द आर्सिन्यी या म्हाताऱ्या वैद्याने राजाला विश्रांती द्या, मन रमवा, कारभाराचा ताण देऊ नका असं सांगितलं, आणि राजा सावरला. वैद्य १३९३ साली वारला. आजार मात्र येत-जात राहिला. कधी राजाला राणी ओळखू येईना, कधी आपण काचेचे आहोत, धक्का लागला तर फुटू, असं वाटे. तरी १४२२मध्ये मरेपर्यंत गादीवर तोच होता आणि लोक त्याच्यासाठी देवाची करुणा भाकत होते. आजाराचं राजकारण केलं ते घरच्यांनी. काकांनी त्याचे विश्वासू सल्लागार हाकलले, चुलतभावाने १४०७मध्ये त्याच्या सख्ख्या भावाचा भर पॅरिसात खून करवला. फ्रान्सची दैना झाली, त्यात राजाच्या आजाराइतकाच या भाऊबंदकीचा हात होता.

मी इथे फ्रान्समध्ये, लिओं शहरात राहते आणि रात्री मराठी बातम्या लावते. विरोधकाचं ‘मानसिक संतुलन बिघडलंय’, त्याला ‘ठाण्याला भरती करा’, ‘येरवड्यात खाट राखून ठेवा’ – सगळ्या पक्षांचे लोक हे बोलतात आणि स्टुडिओत हशा पिकतो. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथली सरकारी मनोरुग्णालयं हजारो घरांचा आधार आहेत. त्यांची नावं आपण शिवीसारखी वापरतो.

माझ्या मावसभावाला बायपोलर, म्हणजे मन कधी अति उत्साही तर कधी अति उदास होण्याचा आजार आहे. औषध नियमित घेतो, दुकान सांभाळतो. पाहुणे यायचे असले की मावशी त्याच्या गोळ्या कॅल्शियमच्या डबीत भरून ठेवते. टीव्हीवर तसलं वाक्य आलं की तो मान खाली घालून आत निघून जातो, आणि मावशी आवाज बारीक करते.

फ्रान्समध्ये सगळं आलबेल आहे असं मी म्हणणार नाही. सरकारने २०२५ साली मानसिक आरोग्य हा राष्ट्रीय प्राधान्याचा विषय ठरवला खरा, पण सरकारी केंद्रात डॉक्टरची वेळ मिळायला महिनोन्‌महिने लागतात. तरीही माझी सहकारी नैराश्यामुळे रजेवर होती, हे तिने जेवणाच्या टेबलावर सगळ्यांदेखत सांगितलं आणि कुणी नजर चोरली नाही. मावसभावाला हे कधी जमेल?

आपल्याकडे कायदा पुढे गेलाय. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचाराचा हक्क दिला, आत्महत्येचा प्रयत्न करणारा तीव्र तणावाखाली होता असंच गृहीत धरायला सांगितलं. २०२२पासून १४४१६ या क्रमांकावर फोन करून कुणालाही मानसिक त्रासासाठी मदत मागता येते. राज्यकर्त्याची क्षमता तपासायचा हक्क लोकांना आहेच, कुणी म्हणेल. जरूर तपासा, पण त्याचे निर्णय, त्याची भाषणं, त्याचा हिशेब पुढे ठेवून. कॅमेऱ्यासमोर रोगनिदान करायचा अधिकार कुठल्याच प्रवक्त्याला नाही. तो तसं बोलायला लागला की सूत्रसंचालकाने तिथल्या तिथे थांबवावं, आणि खालच्या पट्टीवर तेवढा वेळ १४४१६ दाखवावा.